एक वाक्य घातलं, एक गाळलं

दुभाष्यावर कोणी विश्वास ठेवत नाही. बावीस वर्षं हे काम करून मी म्हणते, ठेवूही नये. दोन माणसं समोरासमोर बसलेली, एकाचं अवाक्षर दुसऱ्याला कळत नाही, आणि मधे बसलेली बाई सांगेल ते दोघांनी निमूट खरं मानायचं. असा भरवसा आपण सख्ख्या भावावरही टाकत नाही.

नाशिकजवळ सातपूरच्या एका कारखान्यात मी जपानीची दुभाषी होते. कारखान्याचा एका जपानी कंपनीशी तांत्रिक करार होता. वर्षातून चार-सहा वेळा त्यांचे इंजिनिअर यायचे आणि महिना-महिना राहायचे. यंत्र अडलं की तेलकट फरशीवर उकिडवं बसायचं, एका बाजूचं जपानी ऐकायचं आणि दुसऱ्या बाजूच्या फिटरला ते मराठीत सांगायचं, हे माझं काम. जपानी साहेब दोन मिनिटं बोलले आणि मी एका वाक्यात आटोपलं, की आमचे मॅनेजर माझ्याकडे असे बघत, जणू उरलेलं मी पर्समध्ये टाकलंय. उलट मॅनेजर नुसतं 'बघू' म्हणाले आणि ते पोचवायला मला चार वाक्यं लागली, की जपानी साहेबांच्या भुवया वर जात. एका द्राक्ष बागायतदाराने तर मला गप्प बसण्यासाठीच बोलावलं होतं. "तुम्हाला जपानी येतं हे पाहुण्यांना कळू द्यायचं नाही, मॅडम. चहा देत फिरा, ते आपसात काय बोलतात तेवढं मला नंतर सांगा." मी नाही म्हटलं. पण माझ्या चेहऱ्याकडे बघून त्याला हे काम मला जमेल असं वाटलं, हे मला बरेच दिवस लागून राहिलं.

संशय मी माहेरूनच घेऊन आले होते. मखमलाबादला आमचा मळा. गुलाब, झेंडू, मेथी, कोथिंबीर. माझे वडील, अप्पा, दर मोसमात बैलबाजाराला जायचे, आणि लहानपणी मलाही न्यायचे. तिथे दलाल आणि गिऱ्हाईक उपरण्याखाली एकमेकांची बोटं दाबून सौदा करतात. वर तोंडाने पाऊसपाण्याच्या गप्पा, खाली बोटांनी खरं बोलणं. अप्पा मला कोपराने ढोसून म्हणायचे, "तोंडानं काय बी बोलत्यात गं. तू हात बघ." पुढे मी पुण्याला राहून जपानी शिकले, तर त्यांची शंका एकच होती. "समद्या जपानी लोकांचं तोंड तुला कळंल. हात कोन बघनार?"

पुण्याच्या आमच्या बाईंनी धंद्याचे तीन नियम घोटून घेतले होते. घालायचं नाही, गाळायचं नाही, सजवायचं नाही. बोलणारा 'मी' म्हणाला तर आपणही 'मी' म्हणायचं; 'ते म्हणतात की' असं अंग काढून घ्यायचं नाही. हातात छोटी वही ठेवायची. पानावर मधोमध उभी रेघ, आणि शब्दांऐवजी बाण, गोळे, अर्धी अक्षरं. माणूस बोलत असतो तोवर आपण चिन्हं काढतो आणि तो थांबला की चिन्हांवरून बोलतो. या वह्या मी कधी फेकल्या नाहीत. बोलताना माझी चूक झाली असेल, पण चिन्ह काढताना चूक करायला वेळच नसतो.

नियम मोडल्याचा पहिला फटका मला मे १९९८ मध्ये बसला. पोखरणची बातमी आली आणि कारखान्यात पेढे वाटले गेले. पेढा मीही खाल्ला, आणि आवडीने खाल्ला, हे आज लपवत नाही. तेव्हा ओकुमुरा नावाचे इंजिनिअर आमच्याकडे होते. हातात पेढा धरून त्यांनी मला विचारलं, "हे कशाबद्दल?" जपानी माणसाला हे कोणत्या तोंडाने सांगायचं ते मला कळेना. मी म्हटलं, "कँटीनवाल्याच्या मुलाचं लग्न ठरलंय." दुसऱ्या दिवशी ओकुमुरांनी त्या मुलासाठी रुमालांचा सुरेख खोका आणला. कँटीनवाल्याला मुलगाच नव्हता. आणखी एका दिवसाने घरच्यांच्या फोनवरून त्यांना सगळं कळलं असावं. जिन्यात भेटले तेव्हा एवढंच म्हणाले, "शोभा-सान, लग्न फारच मोठं होतं." त्यानंतर महत्त्वाच्या बैठकीला ते मुंबईहून दुसरा दुभाषी मागवायला लागले. पेढ्याची चव मला अजून आठवते, पण तोंड कडू होतं.

त्याच वर्षी दिवाळीनंतर देवरे सरांचा फोन आला. सर म्हणजे आमच्या भागातले निवृत्त मुख्याध्यापक, खादीतले, सगळ्यांवर पटकन विश्वास टाकणारे. जपानहून एका शांतता संस्थेच्या बाई यायच्या होत्या. अणुबाँबमधून वाचलेल्या. नाशिक, येवला, चांदवड, मग मालेगाव आणि धुळे असे कार्यक्रम होते आणि दुभाषी हवी होती.

मी विचारलं, "आत्ताच कशा आल्या, सर? जगात इतक्यांनी बाँब केले तेव्हा कुठे होत्या?"

"त्या तिकडेही जातात, म्हणतात."

'म्हणतात' हा शब्द मी मनात बाजूला काढून ठेवला. कारखान्यातून रजा घेतली, पण कुठेतरी पाणी मुरतंय असं वाटतच होतं.

नोमुरा बाई पासष्टीच्या होत्या. राखाडी स्वेटर, पायात कापडी बूट, हाडं बारीक, आवाज त्याहून बारीक. बरोबर संस्थेचा इशिदा, पस्तिशीचा, खिशात वेळापत्रक आणि सतत घड्याळाकडे नजर. स्टेशनवर सरांनी फलक धरला होता, 'हिरोशिमाच्या आजींचे स्वागत'. बाई होत्या नागासाकीच्या. मी चूक सांगितली, तर त्या म्हणाल्या, "राहू द्या. त्यांचीही माणसं गेलीच आहेत."

पहिला कार्यक्रम नाशिकच्या एका कॉलेजात झाला. बाई उभ्या राहिल्या, हात पोटाशी जोडले आणि बोलू लागल्या. मी त्यांच्या शेजारी उभी राहून बोलत गेले.

"मी चौदा वर्षांची होते. शाळा बंद होती, आम्हा मुलींना कारखान्यात कामाला लावलं होतं. माझ्या हातून एक स्क्रू पडला. मुकादम रागावेल म्हणून मी तो शोधायला बाकाखाली वाकले. अकरा वाजून दोन मिनिटं झाली होती. पांढरा उजेड आला. माझ्याशेजारी उभी असलेली माझी मैत्रीण वाकलेली नव्हती. संध्याकाळी ती माझ्या मांडीवर होती. ती पाणी मागत होती. मोठी माणसं म्हणाली, भाजलेल्याला पाणी देऊ नका, पाण्याने माणूस मरतो. मी दिलं नाही. ती तशीही मेली. तहानलेली मेली. माझ्या डब्यात तेव्हा पाणी होतं."

सभागृहात कोणी हललं नाही. माझाच आवाज शेवटी फुटला. दुभाष्याला ते शोभत नाही.

दुसरा कार्यक्रम त्याच दिवशी नाशिक रोडच्या एका शाळेत होता. बाई उभ्या राहिल्या, हात पोटाशी जोडले आणि अक्षरन् अक्षर तेच बोलल्या. 'मी दिलं नाही' नंतर तेवढीच थांबण्याची जागा. 'तहानलेली मेली' नंतर डाव्या बाहीतून रुमाल. मी वहीची दोन पानं शेजारी धरली, तर चिन्हंसुद्धा त्याच ओळीवर आली होती. माझ्या मनात शंकेची पाल चुकचुकली. माणूस आपलं दुःख सांगतो तेव्हा कधी मधलंच आधी सांगतो, कधी एखादी गोष्ट विसरतो, कधी जास्तीची आठवते. इथे सगळं पाठ होतं. आणि पाठ केलेलं दुःख ऐकून आपण सकाळी रडलो, याचा मला राग आला.

संशय घेणारी मी एकटी नव्हते. मागच्या बाकावर साध्या वेशातला एक माणूस बसलेला असायचा. मिशा आणि बूट बघून पोलीस आहे हे शाळेतल्या पोरांनीही ओळखलं होतं. कार्यक्रम संपला की तो माझ्याकडे यायचा. "मॅडम, आपल्या बाँबबद्दल ती काय म्हणाली?" मी म्हणायची, "काहीच नाही." "काहीच कसं नाही? एवढ्या लांबून आली ती." त्याचं म्हणणं मला पटत होतं, पण तसं मी त्याला दाखवलं नाही. बाई खरंच आपल्या बाँबबद्दल एक शब्द बोलल्या नव्हत्या. कोणी विचारलंच तर इशिदा पुढे होऊन सांगायचा, "आम्ही सांगायला आलो आहोत, शिकवायला नाही." हेही त्याने पाठ केलेलं असावं असं मला वाटायचं.

दुसऱ्या दिवशी येवला. शाळेतलं भाषण झालं, पुन्हा तेच, पुन्हा तसंच. मग सर आम्हाला एका पैठणी विणकराच्या घरी घेऊन गेले. विणकर मागावर होता आणि त्याची बायको ओटीवर रहाटावर रेशीम उकलून कांड्या भरत होती. नोमुरा बाई तिच्यासमोर मांडी घालून बसल्या आणि बघतच राहिल्या. तेवढ्यात धागा तुटला. विणकराच्या बायकोचा हात पोचायच्या आधी बाईंनी दोन बोटं ओठाला लावून ओली केली, टोकं पकडली आणि गाठ मारली. गाठ दिसेनाशी झाली.

"अगं बाई," ती म्हणाली, "हात बसलेला हाय की ह्यांचा."

नोमुरा बाई हसल्या. दोन दिवसांत पहिल्यांदाच मोकळं हसल्या, आणि रहाटाकडे बघत मला म्हणाल्या, "बाँब पडला त्या वर्षी उन्हाळाभर मी डोंगरात आजीच्या गावी हेच करत होते. पॅराशूटसाठी रेशीम लागायचं. बारा वर्षांची होते."

इशिदा बाहेर फोटो काढत होता, त्याने हे ऐकलं नाही. सरांनी विचारलं, "काय म्हणतात?"

"रेशीम चांगलं आहे म्हणतात," मी म्हटलं.

त्या वर्षी. उन्हाळाभर. बारा वर्षांची. मग नागासाकीच्या कारखान्यात चौदा वर्षांची होऊन बाकाखाली कोण वाकलं होतं?

संध्याकाळी मी मखमलाबादला अप्पांकडे गेले आणि सगळं सांगितलं. मला वाटलं, अप्पा म्हणतील, मी म्हटलंच होतं. ते कोथिंबिरीच्या जुड्या बांधत होते. बांधता बांधता म्हणाले, "खोटं बोलनारा मानूस कायतरी मिळवायला बोलतो. हिला काय मिळतंय ते बघितलं का तू?"

"माहीत नाही."

"मंग थांब की. लगीच कशाला धरायची तिला?"

मला थांबायचं नव्हतं. ओकुमुरांनी मला एका खोट्यावरून पारखलं होतं, आणि ही बाई गावोगाव खोटं सांगून हार घेत होती. तेही माझ्या तोंडून. 'मी चौदा वर्षांची होते' हे मराठीत कोण बोललं? मीच बोलले होते.

चांदवडचा कार्यक्रम एका विद्यालयाच्या सभागृहात होता. मुलं पुढे बसली होती, मागे गावातली मंडळी, आणि त्याच्याही मागे मिशीवाले साहेब. बाईंचं भाषण झालं. सरांनी प्रश्न विचारायला सांगितलं, तसे मागून एक उंच म्हातारे गृहस्थ उठले. पांढरी टोपी, कोटाच्या छातीवर जुन्या फिती. गांगुर्डे सुभेदार. फौजेतून निवृत्त होऊन कांदा करत होते. ते बाईंकडे बघून सावकाश बोलले.

"बाई, माझा चुलता पुंजा पलटनीत व्हता. मागल्या मोठ्या लढाईत जपान्यांनी त्याला धरला. त्यांच्या कैदेत मेला. त्याचं काय झालं ते मला ठाव हाय, पन मी कधी बोललो नाय. कारन मी तिथं नव्हतो. जो तिथं नव्हता त्यानं बोलू नये, असं मी समजतो. तर मला येवढंच इचारायचंय. तुमी सोता तिथं व्हत्या का?"

प्रश्न सरळ होता. मी तो जपानीत सरळ सांगितला. पुंजा, कैद, मी तिथं नव्हतो, तुम्ही स्वतः होतात का. इथवर चोख. आणि मग मी थांबले नाही. सुभेदार जे बोललेच नव्हते ते मी त्यांच्याच सुरात पुढे घातलं. "की त्या उन्हाळ्यात तुम्ही आजीच्या गावी रेशीम काढत होतात?"

नोमुरा बाईंनी सुभेदारांवरून नजर काढून माझ्याकडे वळवली. इतक्या कार्यक्रमांत व्यासपीठावर त्यांनी माझ्याकडे कधी पाहिलं नव्हतं. इशिदा खुर्चीतून अर्धवट उठला. बाईंनी त्याला हाताने बसवलं आणि बोलू लागल्या. या वेळी पाठ केलेलं नव्हतं, शब्द अडखळत येत होते.

"मी तिथे नव्हते. बाकाखाली वाकली ती माझी थोरली बहीण, काझुए. तिने हे मला एकदाच सांगितलं, मी पंधरा वर्षांची असताना. नंतर मरेपर्यंत कधी बोलली नाही. ती गेल्यावर मी 'माझ्या बहिणीचं असं झालं' म्हणून सांगत असे. लोक मला म्हणायचे, तुमच्या बहिणीबद्दल ऐकून वाईट वाटलं. मला फुलं द्यायचे. त्या तहानलेल्या मुलीपर्यंत कोणी पोचायचंच नाही, माझ्यापाशीच थांबायचे. म्हणून एके दिवशी मी 'मी' म्हणाले. तिचे शब्द मी बदलत नाही. रुमाल तिने जिथे काढला तिथेच काढते. मी संस्थेला फसवलं. तुम्हालाही फसवलं. माफ करा."

हे सगळं मला मराठीत म्हणावं लागलं. 'मी तिथे नव्हते', 'मी फसवलं', माझ्याच तोंडून. बाई कमरेतून वाकल्या आणि तशाच राहिल्या. सभागृहात कुजबुज सुरू झाली. सरांचा चेहरा उतरला होता. मला वाटलं होतं, खोटं पकडल्यावर बरं वाटेल. अजिबात वाटलं नाही. मला स्वतःची शरम वाटत होती.

सुभेदार उभेच होते. ते म्हणाले, "बाईंना सरळ व्हायला सांगा." मी सांगितलं. मग ते म्हणाले, "तुमी तिथं नव्हत्या तरी बोलत ऱ्हायल्या. मी तिथं नव्हतो म्हनून गप ऱ्हायलो. माझ्या चुलत्याचं नाव बी आता गावात कोनाला ठाव नाय. ऐका मंग."

आणि त्यांनी सांगितलं. पुंजाबरोबर कैदेत असलेला एक शिपाई लढाईनंतर परत आला आणि त्यांच्या ओट्यावर बसून बोलला, ते सुभेदारांनी लहानपणी ऐकलं होतं. बोटीत कोंबून कुठल्याशा बेटावर नेलं. रस्ता खोदायला लावलं. पुंजाला ताप चढला. शेवटच्या दिवशी तो पाणी मागत होता. "पहारेकरी भांडं भरून घिऊन आला. पुंजानं हात पुढं केला. तर त्यानं ते त्याच्या डोळ्यांम्होरं जमिनीवर वतलं." बोलताना सुभेदारांनी भांडं धरल्यासारखा हात पुढे केला आणि पालथा केला.

मी वहीत खूण केली. पाणी, आणि खाली जाणारा बाण.

मग मी नोमुरा बाईंकडे वळले. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि रुमाल काढायचं त्यांना भान नव्हतं. दहा मिनिटांपूर्वी मी त्यांना भर सभेत उघडं पाडलं होतं, आता वर हेही घालायचं? मी जपानीत सांगितलं, "शेवटच्या दिवशी ते पाणी मागत होते. त्यांना पाणी मिळालं नाही." आणि पुढे गेले. त्या दुपारी मी एक वाक्य घातलं आणि एक गाळलं. घातलेलं खरं होतं आणि गाळलेलंही खरं होतं. तरी दोन्ही वेळा धंद्याशी बेइमानी झाली.

बाईंनी चुलत्याचं नाव पुन्हा विचारलं. "पुंजा." त्यांनी ते दोनदा म्हणून पाहिलं आणि सुभेदारांना वाकून नमस्कार केला. सुभेदारांनीही टोपी सारखी करून हात जोडले.

मालेगाव आणि धुळ्याचे कार्यक्रम इशिदाने चांदवडच्या बसस्टँडवरूनच फोन करून रद्द केले. वाचलेल्यांनीच बोलायचं, असा संस्थेचा दंडक होता. जीपमध्ये तो पुढे बसला आणि नाशिक येईपर्यंत मागे वळला नाही. नोमुरा बाई माझ्याशेजारी होत्या. वाटेत त्यांनी हळूच विचारलं, "रेशमाचं त्या गृहस्थांनी विचारलं होतं का?"

"नाही. ते मी घातलं."

त्यांनी मान हलवली. रागावल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं. गाळलेल्या वाक्याचं सांगायचा तो क्षण होता. मी ताकास तूर लागू दिली नाही. स्टेशनवर निरोप घेताना मिशीवाल्या साहेबांनी मला बाजूला घेतलं. "म्हणजे मॅडम, आपल्या बाँबबद्दल शेवटपर्यंत काहीच नाही?" मी नाही म्हटलं. ते बिचारे खट्टू होऊन गेले.

पाच वर्षं गेली. कारखान्याचा करार संपला आणि मी घरूनच यंत्रांच्या पुस्तिकांचं भाषांतर करायला लागले. एक दिवस नागासाकीहून जाड पाकीट आलं. नोमुरा बाईंचं पत्र आणि हाताने लिहिलेली सहा पानं.

संस्थेने त्यांचं नाव काढून टाकलं होतं. बहिणीची गोष्ट त्या आता सांगत नव्हत्या. पण आसपासच्या शाळांमध्ये त्या दुसरी एक गोष्ट सांगायला जात. 'मी तिथे नव्हते' असं सुरुवातीलाच सांगून त्या चांदवडच्या पुंजाची गोष्ट सांगत. जपानी मुलांना, जपान्यांच्या कैदेत मेलेल्या माणसाची. पुष्कळ शाळा बोलावत नाहीत, त्यांनी लिहिलं होतं. एका मुख्याध्यापकांनी विचारलं, ही गोष्ट तुम्हाला कोणी सांगायला लावली आहे? खाली विनंती होती. 'सोबतची पानं तुमच्या वहीशी ताडून पाहाल का? मूळ शब्द फक्त तुमच्याकडे आहेत. काही राहिलं असेल तर कळवा.'

मी वही काढली. वाक्यामागून वाक्य तंतोतंत जुळत होतं. मी बोलले ते सगळं त्यांनी जसंच्या तसं पाठ केलं होतं. 'शेवटच्या दिवशी ते पाणी मागत होते. त्यांना पाणी मिळालं नाही.' वहीत त्या जागी माझा बाण होता, खाली जाणारा. त्या परक्या देशातल्या पोरांना पाच वर्षं मी काटछाट केलेली गोष्ट ऐकायला मिळत होती.

दुसऱ्या दिवशी मी एसटीने चांदवडला गेले. सुभेदार कांद्याच्या चाळीपाशी बसले होते, थकलेले, पण नजर तीच. मी सगळं सांगितलं. पुंजाची गोष्ट जपानात सांगतात हे ऐकून त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. मग म्हणाले, "पन वतलेलं पानी सांगितलं नाय तुमी."

"त्या रडत होत्या, सुभेदार. त्यांना सोसवलं नसतं."

"त्यांना सोसंल का नाय, ते तुमी कोन ठरवनाऱ्या? सोसायला तर त्या इतक्या लांबून आल्या व्हत्या." आणि वर म्हणाले, "लिवून टाका. आजच लिवा."

मी त्याच संध्याकाळी लिहिलं. माफी दोन ओळींत मागितली आणि मधे ते एक वाक्य, न सजवता. 'पहारेकरी भांडं भरून घेऊन आला. पुंजाने हात पुढे केला. त्याने ते पाणी त्याच्या डोळ्यांसमोर जमिनीवर ओतलं.' पाकीट पेटीत टाकल्यावर वाटलं, आता या बाई माझा एक शब्दही खरा धरणार नाहीत. ओकुमुरांसारखंच होणार.

महिन्याभराने उत्तर आलं. छोटंच होतं.

'आभारी आहे. त्या दिवशी सुभेदारांनी हात पुढे केला आणि पालथा केला, तो मी पाहिला होता. तुमच्या बोलण्यात तो हात आला नाही. काहीतरी सांडलं आहे एवढं मला कळलं, काय ते कळलं नाही. तुमच्या मनात काय असेल तेही कळलं नाही, म्हणून विचारायला धीर झाला नाही. शाळेत सांगताना त्या वाक्यापाशी मी थोडी थांबत असे, ती जागा मोकळी ठेवत असे. मुलांना वाटायचं, म्हातारी विसरली. आता तिथे थांबावं लागत नाही.'

हे पत्र मी अप्पांना मराठीत वाचून दाखवलं. घातलं नाही, गाळलं नाही. अप्पा ऐंशीच्या घरात होते, कान गेले होते, म्हणून मोठ्याने वाचावं लागलं.

"हात बघितला व्हता तिनं?" त्यांनी विचारलं.

"हो."

"म्हंजे तुझी लबाडी तिला पयल्या दिसापासून ठाव व्हती. तरी तिनं तुलाच इचारलं, समदं बरोबर हाय का म्हनून." ते स्वतःशीच मान हलवत राहिले. अप्पांनी आयुष्यात कोणाला खरं माणूस म्हटल्याचं मी ऐकलं नव्हतं, त्या दिवशीही म्हणाले नाहीत. फक्त पत्र माझ्या हातून घेतलं, वाचता येत नसताना दोन्ही बाजूंनी बघितलं आणि घडी घालून परत दिलं.

माझ्यावर मॅनेजरांनी संशय घेतला, जपानी साहेबांनी घेतला, पोलिसांनी घेतला. सगळ्यांचा मला राग आला, आणि सगळ्यांना मी काही ना काही सुनावलंही. नोमुरा बाईंनी तो पाच वर्षं मनात ठेवला, त्याच्यासाठी गोष्टीत जागा राखली आणि ती भरायला मलाच बोलावलं. इतक्या सभ्यपणे माझ्यावर दुसऱ्या कोणी संशय घेतलेला नाही.